सॉलिटेअरच्या जुन्या गाड्या: एक मुक्काम, एकच गाडी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. जूनमध्ये तुम्ही चार मित्र नामिबियाला निघालाय, सात दिवस, गाडी स्वतःच चालवणार आहात. नामिब वाळवंटाच्या कडेला सॉलिटेअर इथं उभ्या असलेल्या जुन्या गंजलेल्या गाड्यांचे फोटो काढायचेत. ओळखीतले एक जण तिथं जाऊन आले, पण त्यांचे फोटो तुम्हाला भंगारवाल्याच्या आवारातले वाटले. लेन्स कोणती न्यावी, पोलरायझर (चकाकी काढणारा फिल्टर) लागेल का, वेळ कोणती धरावी, रात्री ताऱ्यांखाली गाडी घेता येईल का, आणि घाईत दक्षिणेकडच्या आउस गावालाही जावं का, असं तुम्ही विचारलंय. तुमच्याकडे १६-३५ आणि २४-१०५ मिमी या दोन लेन्स आहेत आणि एक ट्रायपॉड.

माझं सांगणं एवढंच आहे: सॉलिटेअरला रात्रीचा मुक्काम करा आणि सगळ्या गाड्या टिपण्याचा नाद सोडून एकाच गाडीपाशी एक संध्याकाळ आणि एक सकाळ काढा. लेन्स आणि फिल्टरचं त्यानंतर बघू.

मी पहिल्यांदा गेलो तो एका टूरबरोबर. दुपारी साडेबाराला आमची गाडी पंपावर थांबली आणि चाळीस मिनिटं मिळाली. दोनशेच्या वर फोटो काढले. प्रत्येक गाडीचे पुढून, मागून, काचेतून, चाकापाशी वाकून. रात्री पाहिले तर एकही ठेवावासा वाटेना. बॉनेट पांढरंफटक, मडगार्डखाली काळा डाग, मागचे डोंगर धुरकट. तुमच्या ओळखीच्या माणसाचं नेमकं हेच झालं असणार, कारण तिथं थांबणारे बहुतेक सगळे अकरा ते दोनच्या मध्येच थांबतात.

त्याचं कारण रस्त्यात आहे. सॉलिटेअर म्हणजे आपल्या अर्थानं गाव नाही. सी-१४ आणि सी-१९ हे दोन खडीचे रस्ते मिळतात तिथला पेट्रोल पंप, दुकान, बेकरी आणि राहायची सोय, एवढंच. १९४८ मध्ये व्हॅन कोलर नावाच्या कुटुंबानं काराकुल मेंढ्या पाळायला ही जमीन घेतली, त्या घरच्या बाईंनी हे नाव ठेवलं, आणि पुढं वाटसरूंच्या सोयीतून वस्ती उभी राहिली. सेस्रिएमच्या वाळूच्या लाल टेकड्या बघून किनाऱ्यावरच्या वॉल्विस बे शहराकडे निघालेल्याला मधे पेट्रोल मिळतं ते इथंच. सकाळी टेकड्या बघायच्या, दुपारी इथं पेट्रोल भरायचं, इथले बेकर मूस मॅकग्रेगर यांनी नावारूपाला आणलेला ॲपल पाय खायचा (ते २०१४ मध्ये वारले, ॲपल पाय अजून मिळतो) आणि पुढं निघायचं. गाड्यांच्या वाट्याला येतं ते ऐन दुपारचं ऊन.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या गाड्या जिथं बंद पडल्या तिथंच जशाच्या तशा उभ्या आहेत असं मनात धरून जाऊ नका. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसाव्यात म्हणून त्या पंपाच्या आसपास मांडलेल्या आहेत, काहींच्या भोवती निवडुंग आहेत. हे कळल्यावर काही जणांचा विरस होतो. माझा झाला नाही. पत्रा खरा आहे, गंज खरा आहे, मागचं मैदान खरं आहे. फक्त पाटी, तारेचं कुंपण आणि पंपाचं छप्पर चौकटीत येणार नाही अशी जागा शोधावी लागते, आणि ती शोधायला वेळ लागतो. मुक्काम हवा तो त्यासाठीही.

आता उन्हाचं. आपण उत्तर गोलार्धातले, सूर्य दक्षिणेकडून कलून जातो हे आपल्या अंगवळणी पडलेलं. तिथं ते उलटं. सॉलिटेअर मकरवृत्ताच्या जरासं दक्षिणेला आहे. सी-१४ वर उत्तरेकडून येताना मकरवृत्ताची पाटी लागते, तिथून पुढं ते येतं. जूनमध्ये तिथला सूर्य दिवसभर उत्तरेकडून फिरतो आणि भर माध्यान्हीही ४३-४४ अंशांच्या वर चढत नाही. पुण्यात डिसेंबरातल्या दुपारीसुद्धा तो ४८ अंशांवर असतो, म्हणजे तिथलं जूनचं ऊन आपल्या ऐन हिवाळ्यापेक्षाही तिरपं. डिसेंबरात मात्र तो तिथं जवळपास डोक्यावर येतो. तुम्ही जून निवडलात हे फार चांगलं केलंत.

यातून एक कामाची गोष्ट निघते. जूनमध्ये सूर्य ईशान्येच्या बाजूला उगवतो आणि वायव्येला मावळतो, त्यामुळं गाडीच्या दक्षिणेकडच्या बाजूवर उगवतीपासून मावळतीपर्यंत थेट ऊन पडतच नाही. पोहोचलात की पहिलं काम होकायंत्र काढून प्रत्येक गाडीचं तोंड कुठं आहे ते बघणं. पूर्वेकडं तोंड असलेली गाडी सकाळची, पश्चिमेकडं असलेली संध्याकाळची. उत्तर-दक्षिण उभी असेल तर तिची एक कूस सकाळी उजळते, दुसरी संध्याकाळी. हे वहीत लिहून ठेवा आणि त्यातून एक गाडी निवडा.

सूर्योदय साडेसात-पावणेआठला आणि सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास धरा. वर आल्यावर पाऊण-एक तासात सूर्य दहा अंश चढतो. तुमचा सकाळचा खरा वेळ तेवढाच. पूर्वेला डोंगररांगा असल्यामुळं पहिला किरण गाडीपर्यंत यायला थोडा उशीर होतो. त्या आधीची वीसेक मिनिटं, आभाळ उजळलेलं पण ऊन पडलेलं नाही अशी, मला सगळ्यात आवडतात. त्या उजेडात सावली नसते आणि गंजाचे सगळे रंग वेगवेगळे दिसतात: ताजा नारिंगी, जुना तपकिरी, मधेच काळपट जांभळा. ऊन आलं की हे रंग एक होतात आणि मग पत्र्याचा पोत बोलायला लागतो. दोन्ही घ्या.

गंजाकडं नीट बघायला शिकलात तर अर्धं काम झालं. लोखंडाला गंजायला हवेबरोबर पाणी लागतं. कोकणात उघड्यावर सोडलेली गाडी थोड्याच पावसाळ्यांत खालून झडायला लागते. वॉल्विस बेच्या किनाऱ्यावर समुद्राचं खारट धुकं तेच करतं. सॉलिटेअर किनाऱ्यापासून बरंच आत आहे. तिथं पाऊस इतका थोडा की वर्षावर्षाचा आकडा पाटीवर मांडून ठेवतात. त्यामुळं गंज वरवर चढतो आणि तिथंच थबकतो, आणि आतला जाड पत्रा टिकतो. १९४०-५० च्या अमेरिकी गाड्यांचे गोल खांदे, फुगीर मडगार्ड अजून तसेच दिसतात ते म्हणून.

मी दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा दोन रात्री राहिलो आणि एका सेडानपाशीच बसलो. तिचं दार अर्धवट उघडं होतं. बाहेरून ती पूर्ण तपकिरी, नावालाही रंग नाही. पण दाराच्या बिजागरीपाशी, जिथं ऊन पोचत नाही, तिथं चार बोटं रुंद पट्टा फिकट निळा राहिला होता, कारखान्यातून निघाली तेव्हाचा. त्यावर धूळ बसली होती पण पोपडा उडाला नव्हता. मी ट्रायपॉड जमिनीलगत आणला, १०५ वर तो निळा पट्टा आणि शेजारचा गंज एवढंच चौकटीत घेतलं, पलीकडं उघड्या दारातून मैदानाची एक फट ठेवली. त्या सफरीतला मी भिंतीवर लावलेला एकमेव फोटो तो. दुपारच्या चाळीस मिनिटांत मी त्या दारावरून दहा वेळा गेलो असेन.

अशा खुणा शोधा. वाऱ्याबरोबर उडणारी वाळू जमिनीलगतच जास्त मारा करते, म्हणून चाकाकडचा खालचा पत्रा कधी घासून गुळगुळीत झालेला असतो आणि टपावर मात्र पोपडे. गाडी वर्षानुवर्षं एकाच दिशेला उभी असेल तर उत्तरेकडच्या अंगाचा रंग जास्त उडतो. सीटचं कापड जाऊन उरलेल्या स्प्रिंगा, स्टेअरिंगला पडलेल्या भेगा, मीटरच्या काचेमागचा काटा. मात्र आत हात घालण्याआधी टॉर्च मारून बघा. विंचू आणि सापांना अशी सावली आवडते, आणि दवाखाना फार लांब आहे.

उभं कुठं राहायचं यात सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून इथं जरा रेंगाळतो. उभ्यानं डोळ्याला कॅमेरा लावला की गाडीच्या टपाची रेषा आणि मागची क्षितिजरेषा नेमक्या एकमेकींवर येतात. मग गाडीचा आकारच हरवतो. ती जमिनीला चिकटवल्यासारखी दिसते. गुडघ्यावर बसा, कॅमेरा हेडलाइटच्या उंचीला आणा. टप आभाळात स्वच्छ कापल्यासारखं दिसायला हवं. किंवा मग उलट, उंचवट्यावर चढा आणि अख्खी गाडी मैदानाच्या पोटात बसू द्या, क्षितिज खूप वर. मधलं काही घेऊ नका. दुसरं, खिडक्या. एका बाजूच्या खिडकीतून दुसऱ्या बाजूच्या खिडकीतलं आभाळ दिसेल अशी जागा पाऊलभर इकडंतिकडं सरकून सापडते. ती सापडली की गाडी पोकळ वाटते, तिच्यातून वारा जातोय असं वाटतं. खिडकीत पलीकडचा दारखांब आडवा आला की सगळं बुजून जातं.

लेन्स: तुम्ही १६-३५ वर भिस्त ठेवून जाणार असं दिसतं. मी २४-१०५ वर ठेवीन. सोळावर बंपरशी जाऊन बसलं की नाक फुगतं, शेपूट आखडतं आणि मागचे डोंगर मुंगीएवढे होतात. ज्या मोकळ्या जागेसाठी एवढ्या लांब गेलात तीच लेन्सनं मागं ढकललेली असते. चाळीस-पन्नास पावलं मागं जा आणि ८० ते १०५ वर घ्या. पाच मीटर लांबीची गाडी तेवढीच राहते, पण मागची रांग उचलून तिच्या पाठीशी येते. सोळा रात्रीसाठी आणि गाडीच्या आतून बाहेर बघताना वापरा.

पोलरायझर न्या, पण ३५ च्या पुढंच लावा. उरलेल्या रंगावरची आणि काचेवरची चकाकी तो काढतो, गंज गडद होतो. पण तिथलं आभाळ कोरडं आणि आधीच गर्द निळं. रुंद लेन्सवर ते एका कोपऱ्यात काळंनिळं आणि दुसऱ्यात फिकं उमटतं, आणि नंतर ते दुरुस्त करता येत नाही.

उजेडाचं मोजमाप सोपं आहे. फिकट जमीन चौकटीत जास्त असली की कॅमेरा फसतो आणि फोटो काळपट करतो. अर्धा ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघा. क्रोमवरचा एखादा चमकता ठिपका पांढरा गेला तर जाऊ द्या. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवा. ऑटोवर ठेवलात तर सकाळचं पिवळं ऊन कॅमेरा 'दुरुस्त' करून टाकतो. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच, काढा. डॅशबोर्ड आणि बाहेरचं आभाळ एकत्र हवं असेल तर दोन-दोन स्टॉपच्या फरकानं तीन फोटो घ्या.

घरी आल्यावर नारिंगी आणि पिवळा ओढायचा मोह होईल. तो आवरा. वाळू आणि गंज एकाच रंगघराण्यातले. दोघांना एकदम भडक केलंत की ते एकमेकांत विरघळतात. त्यांना वेगळं करते ती सावलीतली निळी झाक, म्हणून सावल्या पूर्ण उघडू नका. काळं-पांढरं करायचं तर निळ्या चॅनलकडून जा. लाल चॅनलमध्ये गंज आणि वाळू दोन्ही उजळ होऊन एक होतात. निळ्यात गंज जवळपास काळा पडतो आणि गाडी उठून दिसते.

आता रात्र. हो, घेता येईल, आणि जूनसारखा महिना नाही. पण वेळ नेमकी साधा. आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग मध्यरात्रीनंतर थेट डोक्यावर येतो. तेव्हा तो गाडीबरोबर चौकटीत मावत नाही. रात्री आठ-साडेआठला तो पूर्व-आग्नेयेला २५ अंशांच्या आसपास असतो, आणि पहाटे साडेपाच-सहाला तेवढाच पश्चिम-नैर्ऋत्येला. या दोन वेळा धरा आणि दिवसाउजेडीच गाडीमागची ती दिशा मोकळी आहे का बघून ठेवा. चांदणं नसलेले दिवस उत्तम, तरी चतुर्थी-पंचमीची कोर मला चालते. ती गाडीला हलका उजेड देते आणि टॉर्चची गरज कमी होते. १६ मिमी, एफ/२.८, १५ ते २० सेकंद, आयएसओ ३२०० इथून सुरू करा. लेन्स एफ/४ ची असेल तर आयएसओ ६४००.

तारे गोल फिरलेले हवे असतील तर तिथं ध्रुवतारा नाही हे ध्यानात ठेवा. आपल्याकडं मे महिन्यात दक्षिणेला अगदी खाली दिसणारा, क्रुसाच्या आकाराचा त्रिशंकू तारकासमूह तिथं जूनच्या संध्याकाळी आठला दक्षिणेत उंच उभा असतो. त्याचा लांब दांडा खाली साडेचार पट वाढवला की दक्षिण ध्रुवबिंदू, म्हणजे तारे ज्याभोवती फिरताना दिसतात तो बिंदू, सापडतो, क्षितिजापासून २४ अंशांवर. गाडीचं टप त्याच्या खाली आणा.

टॉर्च कॅमेऱ्याच्या जागेवरून मारू नका, गाडी सपाट होते. बाजूला दहा-बारा पावलांवर जा, टॉर्च जमिनीलगत धरा, दोन-तीन सेकंद पत्र्यावरून फिरवा आणि विझवा. सर्वांत मंद प्रकाश पुरतो. हेडलाइटच्या खाचेत दिवा ठेवून ती 'चालू' असल्यासारखी दाखवण्याची टूम आहे. मला ती पटत नाही. त्या गाडीचं थांबणं हेच तर आपण बघायला गेलेलो असतो. राहणाऱ्या इतर लोकांना आणि तिथल्या माणसांना मात्र आधी विचारून घ्या. अंधारात टॉर्च घेऊन फिरणारं कुणालाही आवडत नाही. बॉनेटवर बसणं, दार ओढून उघडणं, सुटा झालेला बिल्ला खिशात घालणं यातलं काही करायचं नाही हे तुम्हाला सांगायला नको, पण सोबतच्या मित्रांना सांगा. ड्रोनला तिथल्या नागरी विमान खात्याची परवानगी लागते.

लेन्स उघड्यावर बदलू नका. गाडीत बसून, काचा वर करून बदला. पहाटे थंडी असते, जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा.

जायच्या आधी घरीच सराव करा. एखाद्या गॅरेजबाहेर धूळ खात पडलेली प्रीमियर पद्मिनी किंवा ॲम्बॅसिडर जवळपास सापडेलच. मालकाला विचारा, सकाळी सूर्य उगवताना तिच्यापाशी एक तास घालवा आणि फक्त दहा फोटो काढा. टपाची रेषा आणि खिडक्यांचं गणित हाताला तिथंच बसेल.

सात दिवसांची आखणी अशी करा की सॉलिटेअरची रात्र आणि सेस्रिएमची रात्र वेगळी राहील. दोन्हींत ऐंशीच्या वर किलोमीटर खडीचा रस्ता आहे. सॉलिटेअरला राहून टेकड्यांवरचा सूर्योदय गाठता येत नाही. राजधानी विंडहुकहून सकाळी लवकर निघालात तर अडीचशेच्या आसपास किलोमीटर कापून दुपारी पोहोचाल, होकायंत्र घेऊन फिरायला दोन तास मिळतील. आपल्यासारखीच गाडी डाव्या बाजूनं चालवायची असते, पण खडीवर ऐंशीच्या वर जाऊ नका आणि वळणावर ब्रेक दाबू नका.

आउसचं विचारलंय. तिथं डोंगरातल्या एका घळीत गोळ्यांनी चाळण झालेली १९३० च्या दशकातली हडसन आहे. हिरे चोरून पळणाऱ्यांची ती गाडी, अशी तिथं कथा सांगतात. पंपाच्या गर्दीपासून दूर, एकटी. ती मला सॉलिटेअरच्या कुठल्याही गाडीपेक्षा जवळची वाटते. पण सॉलिटेअरहून ते चारशे किलोमीटर आहे, आणि जाऊन-येऊन तुमचे दोन दिवस जातील. सात दिवसांत मी ते करणार नाही. सहल दहा दिवसांची करता आली तर जरूर जा, संध्याकाळी पोहोचा आणि दारावरच्या भोकांतून आत पडणारं ऊन आधी नुसतं बघा.